ओल्या भिंतीचे देणे

श्रावण अर्ध्यावर आला की ठाण्याला राहणाऱ्या माझ्या आत्याचा खोकला सुरू होत असे. तिचे वय ८१. गोकुळाष्टमीला सुरू झालेला खोकला दिवाळीच्या फराळापर्यंत पाठ सोडत नसे. औषधे बदलून झाली, काढे झाले, आंबट बंद झाले, पंखाही बंद झाला. अखेर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी छाती तपासल्यावर एक निराळाच प्रश्न विचारला, ‘‘आजी, तुमच्या खोलीतली कोणती भिंत ओली आहे?’’ आत्याचा पलंग पश्चिमेकडच्या भिंतीला टेकलेला होता आणि त्या भिंतीवर उशीच्या उंचीपर्यंत काळपट डाग चढले होते. घरातल्या प्रत्येकाने ते पाहिले होते. आजाराशी त्यांचा संबंध मात्र कोणी जोडला नव्हता.

या सदरात आपण आहाराविषयी, झोपेविषयी, सांधेदुखीविषयी बोलत आलो. आज घराच्या बाहेरच्या भिंतीविषयी आणि ती दुरुस्त करण्याच्या खर्चाविषयी बोलावयाचे आहे. हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कसा, असे वाटेल. परंतु ज्यांचा दिवसाचा बहुतेक वेळ घरातच जातो, त्यांच्यासाठी भिंत ही दुसरी त्वचाच असते. ती फाटली की त्रास आतल्या माणसाला होतो.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. कोकणात मृगापूर्वी घर शाकारताना केवळ छपराकडे पाहून भागत नसे. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आडवा मारतो, म्हणून त्या अंगाच्या मातीच्या भिंतींना नारळाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधला जाई. पावसाळा सरला की तो सोडून ठेवीत. आजही किनाऱ्यालगतच्या अनेक घरांच्या पश्चिमेकडील भिंतींवर पत्रे मारलेले दिसतात. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी तेथील लाकडी सांगाड्याच्या घरांना बाहेरून लावलेल्या फळ्यांचे आवरण पाहिले असेल. त्याला तेथे सायडिंग म्हणतात, आणि ते बदलण्याचा खर्च तेथील कुटुंबांनाही घाम फोडतो. आपल्या सिमेंटच्या इमारतींना हे आवरण गिलाव्याचे आणि रंगाचे असते. ते कायमचे नाही, हे मात्र आपण विसरून गेलो आहोत.

भिंत आजारी कशी पडते

उन्हाने तापून आणि पावसाने निवून गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी आत झिरपते आणि वर्षानुवर्षे खांब-तुळयांतील सळयांपर्यंत पोहोचते. ताज्या काँक्रीटमधील क्षारधर्म सळईचे गंजापासून रक्षण करतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो हळूहळू क्षीण होतो. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगते आणि फुटते. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी शिरते. म्हणजे आज भेग बुजवण्याचा जो खर्च असतो, तोच पाचसात वर्षांनी खांब दुरुस्त करण्याचा होतो.

आत्याच्या सोसायटीत नेमके हेच घडले. काही वर्षांपूर्वी इमारतीला ‘नवा चेहरा’ देण्यासाठी केवळ रंग काढण्यात आला. भेगा तशाच राहिल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटले. तापलेल्या अंगावर पावडर लावावी, तसला तो उपचार. पैसे मात्र पूर्ण गेले.

ओल कोठून येते, हे ओळखण्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. पावसात वाढणारी आणि हिवाळ्यात सुकणारी, विशेषतः पश्चिम किंवा दक्षिण भिंतीवरची ओल बहुधा बाहेरून येते. बारा महिने सारखीच असणारी ओल नळाच्या, मोरीच्या किंवा वरच्या घरातील न्हाणीघराच्या गळतीची असण्याचा संभव अधिक. तळमजल्यावर जमिनीपासून हात-दीड हात चढलेली, पांढरी क्षारांची रेघ उठवणारी ओल जमिनीतून येते. बाहेरचा गिलावा काठीने हळूच ठोकून पाहिल्यास सुटलेला भाग बद्द वाजतो. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि दर पंधरवड्याला पाहावे. भिंतीचा हा ताप मोजण्याचा सोपा मार्ग आहे. शिवाय सभेत दाखवावयास पुरावाही तयार होतो.

ओल आणि आपले शरीर

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, असे त्यांत नमूद आहे. ज्यांना दमा, जुना श्वासनलिकादाह किंवा हृदयविकार आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती वयाने वा औषधांनी कमी झाली आहे, त्यांनी हे अधिक गांभीर्याने घ्यावे.

तथापि प्रत्येक खोकल्याचे खापर भिंतीवर फोडू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त यांपैकी काहीही असल्यास क्षयाची तपासणी आधी करून घ्यावी. भिंत नंतर पाहता येईल.

दुरुस्ती होईपर्यंत काही गोष्टी आजच करता येतात. पलंग आणि कपाट ओल्या भिंतीपासून निदान हातभर दूर सरकवावे. त्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत. पावसाची उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडाव्यात. बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नये, कारण तिचे कण हवेत उडतात. तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी, आणि हे काम दमेकऱ्याने स्वतः करू नये. ब्लीच वापरल्यास त्यात संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हिशेब समजून घेऊ

आता मुख्य मुद्दा पैशांचा. ‘‘पेन्शनीत भागवावे की भिंतीत घालावे?’’ हा प्रश्न मला अनेक वाचक विचारतात आणि तो खोटा नाही. म्हणूनच आकडे डोळ्यांसमोर मांडू. पुढील दर केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतला आहे. आपल्या गावचा दर आपल्याला निविदांवरूनच कळेल.

समजा, तळाशी वाहने आणि वर चार मजले अशी २४ सदनिकांची इमारत आहे. लांबी ८० फूट, रुंदी ४० फूट. चारी बाजूंची बेरीज २४० फूट. उंची ५० फूट धरल्यास बाहेरच्या भिंतींचे क्षेत्रफळ १२,००० चौरस फूट होते. डक्टच्या भिंती, गच्चीचा कठडा आणि सज्जे यांचे ३,००० मिळवले की १५,०००. सुटलेला गिलावा काढणे, भेगा भरणे, नवा गिलावा, परांची आणि रंग यांचा एकत्रित दर चौरस फुटाला १२० रुपये धरला, तर एकूण खर्च १८ लाख रुपये. सर्व सदनिका सारख्या असल्यास प्रत्येकी वाटा ७५,००० रुपये. नोंदणीकृत ठेकेदाराच्या देयकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला तर प्रत्येकी आणखी १३,५०० रुपये. एवढी रक्कम एका पत्राने दारात आली की ज्येष्ठ माणसाच्या छातीत धस्स होणारच.

परंतु हे देणे एका दिवसात उत्पन्न झालेले नसते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीत आणि किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडात जमा व्हावयास हवी. यातली मेख ‘बांधकामखर्च’ या शब्दात आहे. इमारत जुनी असेल तर तो खर्च त्या काळच्या भावाने नोंदलेला असतो. ४५० चौरस फुटांची सदनिका ६०० रुपये दराने बांधली गेली असेल, तर बांधकामखर्च २,७०,००० आणि त्याचे ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला २,०२५ रुपये. दहा वर्षांत जमले २०,२५०. गरज मात्र ७५,००० ची. तोच हिशेब २,००० रुपये दराने केला, तर वर्षाला ६,७५० म्हणजे महिन्याला सुमारे ५६३ रुपये होतात आणि दहा वर्षांत ६७,५०० जमतात. वरच्या व्याजात उरलेली तूट बव्हंशी भरून निघते.

उपविधीतील टक्केवारी ही किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभा दर वाढवू शकते. दरमहा पाचशे-साडेपाचशे रुपये देणे ज्येष्ठांना जमते; एकदम पाऊण लाख जमत नाहीत. ‘मासिक वर्गणी वाढवू नका’ असा आग्रह धरताना आपण आपल्याच उतारवयावर कर्ज काढीत असतो.

ज्यांचे स्वतंत्र घर किंवा वाड्याचा भाग आहे, त्यांनीही हीच रीत वापरावी. बाहेरच्या भिंती मोजाव्यात, त्यांतील अधिक मार खाणारी बाजू निराळी काढावी आणि बँकेत एक आवर्ती ठेव केवळ भिंतीच्या नावाने ठेवावी. सगळ्या बाजू एकाच वर्षी करण्याची गरज नसते. प्रथम पश्चिम आणि दक्षिण, मग उरलेल्या. खिडकीवरच्या सज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे की नाही, हेही पाहावे. ती नसेल तर पाणी सज्जाच्या पोटाखालून सरकत भिंतीवर येते.

काम देताना

बाहेरच्या भिंती आणि त्यांतून होणारी पावसाची गळती यांची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी आहे, एकट्या पीडित सभासदाची नव्हे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावयास हवे. आधी हे निदान, मग निविदा. ठेकेदारालाच निदान करावयास सांगणे म्हणजे औषधाच्या दुकानदारालाच नाडी दाखवणे.

अभियंत्याने तयार केलेली एकच कामांची यादी सर्व ठेकेदारांना द्यावी, म्हणजे दरांची तुलना खरी होते. ‘इमारत रंगवून देऊ, एकूण इतके लाख’ अशी ठोक बोली मान्य करू नये. किती चौरस फूट गिलावा काढणार, किती जागी सळया उघड्या करून गंज साफ करणार, परांची आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च धरला आहे की नाही, कर धरून की वगळून, मजुरांचा विमा कोण उतरवणार, हे सारे लेखी हवे. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत आणि काही रक्कम पुढचा एक पावसाळा पार पडेपर्यंत हाती राखावी. भिंतीची खरी परीक्षा पाऊसच घेतो.

घाईदेखील महागात पडते. नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, आणि तो पुरता सुकण्यास साधारण महिना जातो. ओल्या गिलाव्यावर रंग चढवला की पोपडे ठरलेलेच. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू होऊन वळवाच्या सरींपूर्वी संपेल, असे पाहावे.

काम चालू असताना

या काळात घरातील आजारी आणि वृद्ध माणसांची विशेष काळजी घ्यावी लागते. गिलावा आणि काँक्रीट फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसांना घातक असतात. ज्या दिवशी आपल्या बाजूची तोडफोड असेल, त्या दिवशी दमेकऱ्यांनी शक्य तर लेकीकडे, भावाकडे किंवा शेजारच्या इमारतीत जावे. ठेकेदाराकडून दोन दिवस आधी सूचना मिळावी, अशी अटच घालावी. खिडक्यांच्या फटींना ओले फडके लावावे, घर झाडण्याऐवजी पुसावे. बाहेर परांची आणि जाळी लागली की खोलीत अंधार होतो. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रंदिवस दिवा ठेवावा, कारण या काळात पडण्याचे भय वाढते. परांचीवरून खिडकीशी कोणीही येऊ शकते, म्हणून कडी लावून झोपावे.

जुन्या खिडक्यांच्या आणि ग्रिलच्या तैलरंगाविषयी एक सावधगिरी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात ते अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासू नये, पाणी मारून खरवडावा, आणि नातवंडांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.

ज्यांना देणे खरोखरच अशक्य आहे

त्यांनी गप्प बसू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. थकलेल्या रकमेवर संस्था व्याज आकारू शकते. त्यामुळे मौन महाग पडते. सभेपूर्वीच कार्यकारिणीला पत्र देऊन हप्ते मागावेत. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, हे तपासून पाहावे. मुलांना सांगण्याचा संकोच करू नये. आणि मुलांनो, आईवडिलांनी सांगण्याची वाट पाहू नका. दरमहा औषधांचे पैसे पाठवता, तसा भिंतीचा वाटाही विचारून घ्या. परगावी राहून पालकांची काळजी घेण्याचा हा एक अगदी ठोस मार्ग आहे.

आत्याच्या सोसायटीच्या सभेत दोन तास वाद झाला. खर्चाला विरोध करणाऱ्यांत बहुतेक ज्येष्ठच होते. एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, ‘‘माझे आता राहिले किती? पुढच्यांनी काय ते पाहावे.’’ सभागृह गप्प झाले. तेव्हा आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘मास्तर, किती राहिले ते मलाही ठाऊक नाही. पण जे राहिले ते याच भिंतींत काढायचे आहेत. ते खोकत काढायचे का, एवढेच ठरवायचे आहे.’’ ठराव मंजूर झाला. अठरा हप्ते ठरले. मास्तरांनी पहिला हप्ता सर्वांच्या आधी भरला.

काम होऊन दोन पावसाळे झाले. आत्याचा दमा गेलेला नाही आणि तो जाणारही नव्हता. फवारा अजून उशाशी असतो. परंतु गेल्या श्रावणात रात्री उठून बसण्याची वेळ तिच्यावर फार थोड्या वेळा आली. पेन्सिलीची रेघ होती तेथे आता कोरडी भिंत आहे.

वाचकहो, संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाच्या असतात. म्हणजे भिंतीवरचे डाग ताजे असतानाच सभेची नोटीस येते. या पंधरवड्यात एवढेच करा: आपल्या घरातील ओल्या जागांची तारखेसह छायाचित्रे काढून घ्या किंवा नातवंडांकडून काढवून घ्या, दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे हे लेखी विचारा, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, असे पत्र कार्यकारिणीला द्या. आणि हो, आज रात्री झोपण्यापूर्वी पलंग तेवढा भिंतीपासून सरकवून घ्या.